सासूबाईंचं दुपारचं चॅनेल

लग्न होऊन मी सोलापूरला आले तेव्हा मला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. माझं माहेर उजनीच्या पाण्याकाठचं. वडील शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. गावात ख्रिस्ती घरं आमचं धरून चार, आणि चारही घरांत बोलणं, भांडण, प्रार्थना सगळं मराठीत. सासर मात्र शहराच्या पूर्व भागातलं. नवऱ्याचे आजोबा विणकामासाठी तेलंगणातून इकडे आले, त्याला तीन पिढ्या झाल्या, तरी घरातली भाषा तेलुगूच राहिली आणि रविवारची उपासनाही तेलुगूच. लग्न जमवताना आमच्या चर्चचे पाळकसाहेब वडिलांना म्हणाले होते, "मुलगा मराठी चांगलं बोलतो." ते खरंच होतं. सासूबाईंचं कुणी विचारलं नाही.

सासूबाईंना बाजारापुरतं मराठी कळायचं, पण तोंडातून येत नसे. त्यांना कधी गरजच पडली नव्हती. नळावर तेलुगू, किराणा दुकानात तेलुगू, बिडीच्या कारखान्यात पानं आणि तंबाखू आणायला जायच्या तिथंही तेलुगू. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. नवरा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग दुरुस्तीला होता. तो सकाळी गेला की संध्याकाळीच घरी येई. दिवसभर घरात सासूबाई, मी आणि टीव्ही.

टीव्हीवर त्यांचं एकच चॅनेल असे, तेलुगू ख्रिस्ती. सकाळी सहा ते सात आणि दुपारी दोन ते चार ठरलेलं, संध्याकाळी अधूनमधून. दुपारी त्या भिंतीला टेकून बसत, मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. डोळे टीव्हीवर. हात खाली आपले आपण पान उचलत, तंबाखू पसरत, वळत, टोकं मुडपत, दोरा गुंडाळत. एकदाही खाली बघत नसत. रिमोट मांडीखाली. त्यांच्या चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांनी तंबाखूवरून त्यांना एकदा टोकलं होतं म्हणे. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मी वळते. ओढत नाही."

मला त्या चॅनेलची सवय व्हायला फार दिवस लागले. माहेरी टीव्ही होता, पण देवाचं म्हणून जे काही ऐकलं ते वडिलांच्या रेडिओवर. संध्याकाळी पंधरा मिनिटं, मराठीत, एक गृहस्थ शेजारी बसून बोलल्यासारखे बोलायचे. इथं उपदेशक व्यासपीठावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, रुमालानं कपाळ पुसत, आणि मधेच असा आवाज चढवत की आमच्या कपाटातले काचेचे पेले किणकिणायचे. मी स्वयंपाकघरात जाऊन बसे. पण दोन खोल्यांचं घर. आवाज तिथंही यायचा.

पहिल्या आठवड्यातलीच गोष्ट. शेजारच्या बाई मला बघायला आल्या होत्या. सासूबाईंनी हनुवटीनं माझ्याकडे खूण केली आणि मान हलवत म्हणाल्या, "पापम्. पापम्." शेजारच्या बाईंनीही माझ्याकडे बघून तेच म्हटलं. मी चहाचे कप ठेवले आणि आत जाऊन रडले. एका आठवड्यात माझ्या हातून असं कुठलं पाप घडलं होतं? संध्याकाळी नवऱ्यानं डोळे बघून विचारलं तेव्हा सांगितलं. तो आधी गोंधळला, मग हसायलाच लागला.

"अगं, पापम् म्हणजे बिचारी! आई म्हणत होती, बिचारी, आईबापाला सोडून इतक्या लांब आली."

दुसरा घोळ जेवणाच्या पानावर झाला. मी आमटी वाढत होते आणि त्या म्हणाल्या, "चालु." मी वाढत राहिले. त्या जरा मोठ्यानं म्हणाल्या, "चालु, चालु!" मी आणखी दोन पळ्या वाढल्या. आमटी ताटाबाहेर गेली, त्यांच्या लुगड्यावर सांडली. तेलुगूत चालु म्हणजे पुरे.  दुसऱ्या दिवसापासून वाढताना त्या ताटावर हात आडवा धरू लागल्या.

माझं तेलुगू सुरू झालं ते त्याच चॅनेलवरून, आणि तेही मी ठरवून केलं नाही. एका दुपारी दार लावायला म्हणून बाहेरच्या खोलीत आले, तर पडद्यावर खाली आकडे दिसले. उपदेशक शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं वचन वाचून दाखवायचे तेव्हा अध्याय कुठला आणि ओवी कुठली ते खाली येत असे. अक्षरं तेलुगू, मला वाचता येत नव्हती. आकडे मात्र आपलेच इंग्रजी. आणि पुस्तकाचं नाव उपदेशक तोंडानं घेत, ते मराठीच्या जवळपासचंच होतं. मी आत जाऊन माझं मराठी शास्त्र आणलं, तीच जागा काढली आणि उभ्या उभ्याच वाचायला लागले. ते तेलुगूत म्हणत होते, मी मराठीत बघत होते. ते मला पाठ असलेलंच होतं. पहिल्यांदा त्या आवाजातून एक शब्द सुटा होऊन कानात पडला. कापरी, म्हणजे मेंढपाळ. मग गोर्रे, मेंढरू. नीळ्ळु, पाणी.

मग रोज दुपारी दोन वाजता मी शास्त्र, वही आणि पेन्सिल घेऊन दाराशी बसू लागले. सासूबाईंनी दोन दिवस बघितलं न बघितल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी मी बाहेर आले तेव्हा चटईवर त्यांच्या शेजारची अर्धी जागा रिकामी होती. सूप त्यांनी पलीकडच्या बाजूला घेतलं होतं. मी तिथं बसले. उपदेशक एखादा शब्द भरकन म्हणून पुढे गेले की त्या तोच शब्द हळू, तोडून, टीव्हीकडे बघतच म्हणत. मला म्हणत नव्हत्या, आपल्याशीच म्हटल्यासारखं. मी लिहून घेत असे.

सहा-सात महिन्यांत मला उपदेश बऱ्यापैकी कळू लागला. बोलायचं धाडस होत नव्हतं. ते झालं नणंदेचे सासू-सासरे आले त्या दिवशी. सासूबाई पलीकडच्या घरी गेल्या होत्या, मी एकटीच होते. दार उघडलं, दोघं वयस्कर माणसं उन्हातून आलेली. मी पदर सावरला आणि मनात जुळवून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "लोपलिकि रम्मु. कूर्चुंडुमु."

दोघं उंबऱ्यातच थांबली. एकमेकांकडे बघितलं. मग ते गृहस्थ असे हसले की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. मी म्हटलं ते चूक नव्हतं. पण ते जुन्या शास्त्रातलं तेलुगू होतं. घरी आलेल्या पाहुण्याला मराठीत कुणी "आत प्रवेश कर, आसनस्थ हो" म्हणावं, तसं. वर एकेरीत. तेवढ्यात सासूबाई आल्या, त्यांना सगळं सांगण्यात आलं आणि त्याही हसल्या, तोंडावर पदर घेऊन, खांदे हलेपर्यंत. मी कानापर्यंत लाल झाले होते. मग त्यांनी पदर खाली घेतला आणि पाहुण्यांना काहीतरी ठणकावून सांगितलं. ते मला पूर्ण कळलं. त्या म्हणाल्या, "हसा, हसा. तुमचं तेलुगू नळावरचं आहे. माझ्या सुनेचं वेदीवरचं आहे."

त्यानंतर मी घरात तेलुगू बोलू लागले. माझं पाणी भरणं, भाजी निवडणं सगळं त्याच भारदस्त भाषेत चालायचं. नवरा म्हणायचा, तू मीठ मागितलंस तरी आमेन म्हणावंसं वाटतं.

वडिलांच्या रेडिओचं सांगायचं राहिलं. माहेरी असताना संध्याकाळचा तो पाव तास आम्ही दोघं मिळून ऐकायचो. रेडिओ घरात नीट लागत नसे, म्हणून वडील तो घेऊन पाण्याच्या कडेला, पंपाच्या खोलीपाशी बसायचे. लग्नानंतर ते बंद पडलं. मग वडिलांनीच युक्ती काढली. कार्यक्रम सुरू झाला की मला फोन लावायचे आणि आपला मोबाइल रेडिओशेजारी ठेवायचे. मी भाकरी थापता थापता मोबाइल खांदा आणि कानाच्या मधे धरून ऐकायची. मधेच वडिलांचा आवाज येई, "आलं का गं ऐकाय? थांब, तार वर करतो. हितं पाण्याकडं तोंड केलं की लई साफ येतंय."

असं बरेच दिवस चाललं. एकदा सासूबाई पाणी प्यायला आत आल्या आणि मान वाकडी करून भाकरी थापणाऱ्या माझ्याकडे बघत राहिल्या. रोज संध्याकाळी सून कुणाशी बोलते, आणि बोलते म्हणावं तर तोंडातून अवाक्षर काढत नाही, हे त्यांना कोडं पडलं असणार. मी सांगितलं, वडील आहेत, रेडिओ ऐकवतायत, मराठी उपदेश आहे. त्यांनी माझ्या मानेला हात लावून ती सरळ केली. मोबाइल काढून घेतला आणि बाहेरच्या खोलीत नेऊन स्टुलावर ठेवला. टीव्हीवर कुणाचं तरी गाणं लागलं होतं, तो त्यांनी बंद केला. मला म्हणाल्या, "भाकरी नंतर कर. बस."

मी स्पीकर लावला. आम्ही दोघी चटईवर बसून ऐकलं. खरखर होती, मधूनच पाण्याच्या मोटारीचा आवाजही येत होता. कार्यक्रम संपल्यावर वडिलांना सांगितलं की आज सासूबाईही ऐकत होत्या.

"आरं देवा! कळतंय का त्यास्नी?"

"थोडं थोडं."

"मग आदी सांगायचं की. मोठा केला असता."

सासूबाईंनी विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "मोठा करायला सांग. हा माणूस फार हळू बोलतो. देवाला ऐकू जातं का इतकं हळू?" हे मी वडिलांना तसंच्या तसं सांगितलं. पलीकडे वडील इतके हसले की रेडिओ खाली पडल्याचा आवाज आला. तेव्हापासून संध्याकाळच्या त्या पाव तासाला टीव्ही बंद राहू लागला. 

वर्षं गेली. मला मुलगी झाली, ती शाळेत जाऊ लागली. मी शाळेचे गणवेश शिवायच्या एका कारखान्यात सकाळपाळी धरली. दोनच्या आधी घरी यायचे, कधी उशीर व्हायचा. सासूबाई टीव्हीच्या जवळ सरकून बसू लागल्या होत्या. आधी भिंतीपाशी, मग चटईच्या मध्यावर, मग पुढच्या कडेला. नवरा म्हणाला, टीव्ही जुना झाला, चित्र फिकं दिसतंय. त्यानं मोठा नवीन टीव्ही आणला. सासूबाई म्हणाल्या, छान आहे. आठवड्याभरात त्या परत पुढे सरकल्या.

एके दिवशी मला यायला तीन वाजले. दारातूनच उपदेशकांचा आवाज ऐकू येत होता. सासूबाई पडद्यापासून दोन हातांवर, सूप मांडीवर, हात चाललेले. मी पिशवी ठेवली आणि टीव्हीकडे बघितलं. चित्र अडकलं होतं. उपदेशकांचं तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, हात हवेत, आणि एका गालावर चौकोन चौकोन पडलेले. आवाज मात्र पुढे चालला होता. त्यांचं बोलणं संपलं, एक बाई गाऊ लागल्या, तरी पडद्यावर तेच उघडं तोंड. सासूबाई त्या तोंडाकडे बघत मान डोलावत होत्या.

मी म्हणाले, "अत्तम्मा, चित्र अडकलंय."

हात थांबले. "औना?" त्या म्हणाल्या. हो का?

"कधीपासून?"

त्यांनी सुपातलं एक पान उचललं, परत ठेवलं. मी शेजारी जाऊन बसले. मग त्या म्हणाल्या, मधलं थोडं दिसतं, कडेचं दिसत नाही. सकाळी बरं असतं. वर्ष झालं असेल. दोनही झाली असतील.

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सूप काढून घेतलं असतं. आणि टीव्हीही."

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. नवऱ्याला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. तपासायला दुपार गेली. काचबिंदू होता. डॉक्टर चांगले होते, शांतपणे मराठीत समजावत होते. औषधाचे थेंब रोज घालायचे, कायमचे. त्यानं उरलेली नजर टिकेल. गेलेली येणार नाही. सासूबाई माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या, मी त्यांना तेलुगूत सांगायची वाट बघत. मला नजर गेली असं साध्या तेलुगूत म्हणता येईना. सुचलं ते सगळं चॅनेलवरचं. मी म्हणाले, "पोयिन वेलुगु मळ्ळि रादु." गेलेला उजेड परत येणार नाही.

त्यांनी माझा हात धरला आणि दोनदा मान हलवली. मग डॉक्टरांना मराठीत म्हणाल्या, "बरं." त्यांच्या तोंडून ऐकलेला तो पहिलाच मराठी शब्द.

सूप आम्ही काढून घेतलं नाही. काढून घ्यायचं कारणही नव्हतं. बिड्या पूर्वीसारख्याच एकसारख्या वळल्या जायच्या. टीव्हीही दोन वाजता लागू लागला. फरक इतकाच झाला की आता मी शेजारी बसून पडद्यावर काय चाललंय ते सांगायचं. आणि तिथं माझं तेलुगू उघडं पडलं. पाप, कृपा, उजेड, तारण, हे सगळे शब्द माझ्याकडे होते. सासूबाईंना हवं होतं वेगळंच. गाणाऱ्या बाईंची साडी कुठल्या रंगाची? काठ केवढा? मागे ठेवलेली फुलं खरी की प्लास्टिकची? माणसं भरलीत का खुर्च्या रिकाम्या? मी अडले की त्या मी काय म्हणू बघतेय ते ओळखून शब्द द्यायच्या. साडीच्या काठाला अंचु. पेटी वाजवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर केस नव्हते, मी खुणेनं त्यांच्याच डोक्यावरून हात फिरवून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बट्टतल!" आणि आम्ही दोघी हसत सुटलो. पडद्यावर प्रार्थना चालली होती. त्या दुपारनंतर मी चुकत चुकत का होईना, नळावरचं तेलुगू बोलू लागले.

कधी कधी मी थोडं वाढवूनही सांगितलं. रिकाम्या खुर्च्या भरून टाकल्या. काठाला जर लावली.

एक दुपार मात्र मला नीट आठवते. उपदेश संपला आणि उपदेशक म्हणाले, जे आजारी आहेत त्यांनी जिथं दुखतं तिथं हात ठेवावा, आपण प्रार्थना करू. असं ते नेहमीच म्हणायचे. मी कधी सासूबाईंना हात ठेवताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि भिंत धरून मोरीकडे गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला. हाताला तंबाखू होता, तो त्यांनी साबण लावून धुतला. परत आल्या, बसल्या आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले.

मी घाबरले. प्रार्थना लांबत चालली होती. उपदेशकांचा आवाज चढत होता, माणसं रडत होती, आणि माझ्या मनात एकच, की हे संपल्यावर त्या हात काढतील तेव्हा मी कुठं बघू? मीही डोळे मिटले. काय मागितलं ते सांगता येत नाही. शब्द मराठी होते एवढं आठवतं.

आमेन झालं. गाणं सुरू झालं. त्यांनी हात काढले, डोळ्यांची उघडझाप केली, टीव्हीकडे बघितलं. मग माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "चीर ए रंगु?" साडी कुठल्या रंगाची?

मी उठून टीव्ही बंद केला. मला त्या उपदेशकांचा राग आला होता. म्हणाले, "कशाला सांगतात हे असं? घरोघरी माणसं हात ठेवून बसतात, त्यांना काय माहीत?"

 सासूबाई म्हणाल्या, "बिड्डा, पोरी, मी मागितलं. मागायचं ते माझं. द्यायचं ते त्याचं." टीव्हीतल्या माणसाविषयी नव्हत्या बोलत. "टीव्हीतला तो बोलतो, त्याचं ते काम आहे. माझं भांडण त्याच्याशी नाही. तू तर नकोच करू."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. फरवालेदु." असू दे. "टीव्ही लाव. गाणं संपत असेल."

मी लावला. साडी निळी होती. मी सांगितलं. काठाविषयी त्यांनी विचारलं नाही, आणि थोड्या वेळानं सूप परत मांडीवर ओढून घेतलं. त्या दिवशी वळलेल्या बिड्यांपैकी काही सैल निघाल्या. त्या त्यांनी स्वतःच चाचपून वेगळ्या काढल्या आणि उलगडून पुन्हा वळल्या. नंतर पुढे कधी त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला नाही. प्रार्थनेच्या वेळी मान खाली घालून बसत, आधी बसायच्या तशाच. माझा राग जायला मात्र वेळ लागला. तो पूर्ण गेला असंही म्हणता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी ते चॅनेल आमच्या केबलवरून गेलं. एके दिवशी दोन वाजता लावलं तर तिथं दागिन्यांची जाहिरात. आमचा केबलवाला याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला, पन्नाशीचा माणूस. सासूबाईंनी त्याला बोलावून घेतलं. तो दारातच उभा राहून म्हणाला, "अम्मा, अपने हाथ में नै है. उप्पर सेच बंद हुआ." त्यानं मागून-पुढून दोन दिवस खटपट केली, दुसरी दोन चॅनेलं लावून दिली. एक तमिळ निघालं.

नवऱ्यानं मोबाइलवर तेच उपदेशक शोधून दिले. हवे तेव्हा हवे तितके. सासूबाईंना तेच पटेना. "सकाळी अकरालाही हाच, रात्री आठलाही हाच? मग लोक एकत्र कधी ऐकतात?" त्यांच्या मनात असं होतं की दोन वाजता तेलुगू बोलणारी सगळी घरं एकाच वेळी ऐकतायत आणि आपण त्यांच्यात बसलोय. ते बरोबरही असेल. मग मी ठरवून टाकलं. रोज बरोब्बर दोन वाजता मोबाइल लावायचा, मधे थांबवायचा नाही, चार वाजता बंद. त्यांना ते चाललं. मोबाइलचा पडदा इवलासा, मला वाकून बघावं लागतं. त्यांना काही फरक पडत नाही. आता त्या आरामात परत भिंतीला टेकून बसतात. थेंब सकाळ-संध्याकाळ मी घालते. उजेड आणि माणसाची आकृती एवढं अजून दिसतं.

वडील थकलेत, पण पंपापाशी जाऊन बसतात. त्यांचा फोन आठवड्यातून चार-पाच वेळा येतो. सासूबाई त्या मराठी गृहस्थांना आता 'आपला हळू बोलणारा' म्हणतात. मागे तीन दिवस त्यांच्या जागी कुणी दुसरंच बोललं, तर त्यांना चैन पडेना. मला वडिलांना विचारायला लावलं, आजारी आहेत का? वडिलांनाही माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी ते परत आले, आवाज बसलेला होता. सासूबाई म्हणाल्या, "पापम्."

मला एक सवय लागून राहिलीय. टीव्हीसमोर बसले की मी बोलत राहते. परवा रविवारी नवरा आणि मुलगी क्रिकेटचा सामना बघत होती. मी टॉवेलांच्या घड्या घालत शेजारी बसले होते. मला कळलंही नाही आणि मी तेलुगूत सुरू केलं होतं. उंच आहे, पळत येतोय, टाकला, मारला, चेंडू उंच गेलाय, खाली एकजण हात पसरून उभा आहे.

नवरा म्हणाला, "अगं, दिसतंय की आम्हाला."

मी ओशाळले आणि गप्प बसले. आतल्या खोलीत सासूबाई आडव्या झाल्या होत्या. मला वाटलं होतं झोपल्यात.

"आपकु," त्यांनी आतून आवाज दिला. थांबू नको. "चेप्पु, सांग. त्या पोरानं झेलला का नाही?"

झेलला नव्हता. सुटला. मी सांगितलं, आणि त्या आतून "अय्यो" म्हणाल्या.